४० टक्के झिंकची जांभळी ट्यूब: बाळाच्या डायपर रॅशवर काय कामाचं, काय नाही

थेट सांगते. बाळाचं ढुंगण नुसतं गुलाबी झालं असेल तर साधं व्हॅसलीन पुरतं, त्यासाठी महागाची ट्यूब आणू नका. पण कातडी सोलवटली आहे, शी झाली की लेकरू किंचाळतंय, पाणी लागलं की अंग ताठ करतंय, अशी वेळ आली तर डेसिटिनची जांभळी ट्यूब घरात असावी. ४० टक्के झिंक ऑक्साइडची ही जाड पेस्ट आम्ही नातीसाठी वापरली आणि मला ती मनापासून पटली. त्याच नावाची निळी ट्यूबही मिळते, तिच्यात झिंक १३ टक्के असतं, ती रोज लावायची. मी लिहितेय ते जांभळीबद्दल.

मी चिपळूणला असते. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. लेक बँकेत, जावई लोट्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये, त्यामुळे दिवसभर नात माझ्याजवळ. नात दहा महिन्यांची. जुलैत तिचा कान दुखायला लागला, ताप आला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. कान बरा झाला, पण जुलाब सुरू झाले. त्यात आमच्याकडचा पाऊस! दुपटी घरभर दोऱ्यांवर टांगलेली, तरी हाताला गारच लागायची. बघता बघता जांघेपासून पार मागपर्यंत सगळं लालबुंद झालं आणि मांडीच्या घडीत कातडी अगदी ओली, चकचकीत दिसायला लागली. रात्री डायपर बदलायला घेतला की ती पाय आवळून घ्यायची. बोलता येत नाही एवढ्या जिवाला, रडून रडून सांगणार तरी किती. बघवत नाही हो.

लेकीने ऑफिसातून येताना एका औषधाच्या दुकानात विचारलं, तर तिथल्या मुलाने न बघता, न विचारता एक ट्यूब पुढे केली. "मॅडम, एकदम फास्ट रिझल्ट. सगळे हेच नेतात." लेकीने फोटो पाठवला, म्हणून मला नाव वाचता आलं: क्लोट्रिमाझोल, निओमायसिन आणि सोबत बीटामेथासोन. मी तिला लगेच फोन करून सांगितलं, अगं परत दे ती. बीटामेथासोन हे स्टिरॉइड आहे, आणि तेही बाळासाठी भारी. बाळाची कातडी पातळ, त्यात वरून डायपर घट्ट बसलेला. झाकलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. लाली पटकन उतरते, म्हणून लोकांना वाटतं गुण आला, पण आत बुरशी असेल तर ती दबते आणि नंतर पसरते, कातडी आणखी विरळ होते. अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे. तरी काउंटरवरून ती सर्रास दिली जातात. डायपर रॅशसाठी ट्यूब घेताना पहिल्यांदा हे बघा: नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" दिसलं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचं नाही. क्लोट्रिमाझोलसारखी "झोल"वाली नावं मात्र बुरशीच्या औषधांची, त्यांचा स्टिरॉइडशी संबंध नाही. डॉक्टर कधी कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात, ती गोष्ट वेगळी. तो निर्णय त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी टेबलावर दिव्याखाली नीट बघितलं आणि मला बोलावून दाखवलं. नुसत्या ओलीने झालेली लाली डायपर घासतो त्या फुगीर भागावर असते, जांघेच्या घड्या त्यातून बहुतेक सुटतात. आमच्या नातीच्या घड्याच जास्त लाल होत्या आणि लालीच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके उठले होते. हे ठिपके दिसले की कँडिडा, म्हणजे बुरशी. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतूही मरतात, मग बुरशीला रान मोकळं मिळतं. बाईंनी एक टक्क्याचं साधं क्लोट्रिमाझोल दिलं, त्यात स्टिरॉइड नाही. जुलाबासाठी ओआरएस आणि रोज २० मिलिग्रॅमची झिंकची गोळी चौदा दिवस. जुलाब थांबले तरी गोळी पुरी करायची, हे त्यांनी दोनदा बजावलं. (ही पोटातली झिंक आणि कातडीवरची झिंक यांची कामं वेगळी. गोळी घेतली म्हणून पेस्ट लावायची नाही असं नव्हे, आणि पेस्ट चाटवायची तर अजिबात नाही!)

मी पर्समधून जांभळी ट्यूब काढून त्यांना दाखवली. माझी पुतणी न्यू जर्सीला असते, मे महिन्यात नातीला बघायला आली तेव्हा तिने ती आणली होती. बाई म्हणाल्या, "ही उत्तम आहे. आधी क्लोट्रिमाझोल पातळ लावा, ते जिरू द्या, मग वर ही. भरपूर लावा." हा क्रम महत्त्वाचा. झिंकचा थर आधी बसला तर वरचं औषध कातडीपर्यंत पोहोचणारच नाही.

आता पेस्टबद्दल. ट्यूब दाबली की पांढरी शुभ्र, घट्ट अशी पेस्ट येते, क्रीमसारखी ओघळत नाही. पावसाळ्यातल्या गारव्यात तर ती आणखी घट्ट होते, म्हणून मी आधी बोटांवर घेऊन जरा कोमट होऊ द्यायचे. चोळायची नाही, चोळायची गरजही नाही. जांभ्याच्या भिंतीला गिलावा करतात तसा थर द्यायचा, खालची लाली दिसेनाशी होईपर्यंत. घड्यांमध्ये करंगळीने अलगद भरायची. लेक आधी अगदी चाटून पुसून लावत होती, तिला मी म्हटलं, अगं हातचं राखून लावू नकोस, हे काही फेअरनेस क्रीम नाही. पातळ लावलेली पेस्ट पहिल्या शूलाच वाहून जाते.

वासाचं सांगायलाच हवं. तिच्यात कॉड लिव्हर ऑइल आहे, त्यामुळे माशाच्या तेलाचा वास येतो. लहानपणी ज्यांना थंडीत शार्कच्या तेलाच्या गोळ्या दिल्या गेल्या त्यांना लगेच ओळखू येईल. आम्ही कोकणातले, आम्हाला काही वाटलं नाही, पण शेजारच्या जोशी वहिनी शाकाहारी, त्यांनी यादी वाचली आणि नातवासाठी नको म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. घटकांची यादी वाचून ज्याने त्याने ठरवावं.

आता झिंक ऑक्साइड नेमकं करतं काय? मी वर्गात उभयधर्मी ऑक्साइडचं उदाहरण म्हणून दरवर्षी हेच सांगायचे: आम्लातही विरघळतं, आम्लारीतही विरघळतं, पण पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यात विरघळत नाही हेच इथे कामाला येतं. लघवीत युरिया असतो. शीतल्या जंतूंचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्या युरियाचा अमोनिया करतं. अमोनियामुळे डायपरच्या आतला सामू (पीएच) चढतो, म्हणजे आम्लारीपणा वाढतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिला हे सोसत नाही, आणि मुख्य म्हणजे सामू चढला की शीतली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं जोर धरतात. ती जेवण पचवायला बनलेली, इथे ती कातडीच पचवायला लागतात. जुलाबात तर ही विकरं आतड्यातून न थांबता थेट बाहेर येतात, म्हणून जुलाबातला रॅश इतका वाईट. माझ्याकडे शाळेतल्या लिटमसची एक पुडी होती. रात्रभरच्या डायपरवर, शी लागलेल्या कडेला लाल लिटमस टेकवला, तो निळा झाला, म्हणजे तिथे आम्लारी होतं. लेकीला तो दाखवला तेव्हा दर दोन तासांनी डायपर बदलण्याचं महत्त्व तिला जेवढं पटलं, तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नव्हतं. पेस्टचं काम एवढंच: ही सगळी घाण आणि कातडी यांच्यामध्ये न विरघळणारी भिंत उभी करायची, म्हणजे खालची कातडी आपली आपण भरून येते.

याच कारणासाठी ही पेस्ट दर वेळी पुसून काढायची नसते. इथे बहुतेक जण चुकतात, आणि मग "क्रीमने काही फरक पडला नाही" म्हणतात. आमच्याकडे नातीला न्हाऊ घालायला मावशी येतात, हात फार हलका, माया फार. त्यांना ती पांढरी पुटं बघवेनात. "बाई, ह्ये मळ कशापायी ठेवलाव? काढते की घासून." मी म्हटलं, मावशी, तो मळ नाही, तेच औषध. शी झाली की आधी तांब्याने कोमट पाणी हळूहळू ओतायचं. आपल्याकडे बाळाला पाण्याने धुतात ही फार चांगली पद्धत आहे, तिकडचे सुवासाचे वेट वाइप्स या दिवसांत घरात आणूसुद्धा नयेत. पाण्याने निघेल ती शी निघते. उरलेली कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल घेऊन टिपायची. वरचा घाण झालेला थर तेवढा सुटतो, खालचा पांढरा थर तसाच राहतो. मऊ सुती फडक्याने दाबून कोरडं करायचं, घासायचं नाही. मग जिथे पांढरं विरळ झालंय तिथे नवीन पेस्ट. पूर्ण थर दिवसातून एकदा, अंघोळीच्या वेळी, तेलाने भिजवून काढायचा. कातडी बघायची, क्लोट्रिमाझोल लावायचं आणि मग पुन्हा थर. दुसऱ्यांदा क्लोट्रिमाझोल लावायच्या वेळी आम्ही पेस्ट बाजूला सारून घड्यांपुरतं लावायचो, तसं डॉक्टर बाईंनीच दाखवलं होतं. मावशींना मी हळद आणि मसुराचं पीठही कमरेखाली बंद करायला सांगितलं. पिठाचे कण सोललेल्या कातडीला खरडतात. मावशी ऐकल्या, आणि पुढे दुसऱ्या घरी जाऊन त्यांनाही हेच सांगून आल्या.

गुण कसा आला? पहिला फरक रात्री दिसला. लाली तशीच होती, पण शी झाल्यावर ती किंचाळेना. नुसती कुरकुरायची आणि पुन्हा झोपायची. आमच्यासाठी तेच मोठं होतं. मग सोललेल्या जागी कोरडी, फिकट गुलाबी कातडी दिसायला लागली, ठिपके एकेक करून मावळले. ठिपके गेले ते क्लोट्रिमाझोलमुळे, पेस्टमुळे नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नुसती झिंक लावून बुरशी जात नाही, मग ट्यूब ४० टक्क्यांची असो की आणखी कितीची. बुरशीचं औषध रॅश दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं, नाहीतर तो पुन्हा डोकं वर काढतो.

उघडं ठेवण्याने जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याच ट्यूबने झाला नसता. रबराची चादर, वर घडी केलेली सुती साडी, आणि नात पालथी, ढुंगण मोकळं. शी-शू होणार, साडी बदलायची, त्यात काय. दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी ती खेळते त्या वेळी आम्ही तिला असंच ठेवायचो.

डायपर की लंगोट, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. मी लंगोटावर मुलं वाढवलेली, तरीही या दिवसांत मी डायपरच्या बाजूने होते. आताच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात, ते लघवी शोषून तिचं जेल करतात, त्यामुळे कातडीपाशी ओल कमी राहते. भर पावसात अर्धवट वाळलेला, साबण नीट न निघालेला लंगोट त्यापेक्षा वाईट. फक्त डायपर एक माप मोठा घ्यायचा, सैल बांधायचा आणि भरायची वाट बघायची नाही. शी झाली की त्याच मिनिटाला बदलायचा. ज्यांच्याकडे कापडी डायपर आहेत त्यांनी लक्षात ठेवा, ही पेस्ट कापडात बसते आणि मग ते कापड पाणी शोषत नाही. आत जुन्या मऊ धोतराचा किंवा साडीचा तुकडा घाला, तो टाकून देता येतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. खोबरेल तेल मला आवडतं, पुसायला उत्तम, पण आडोसा म्हणून ते टिकत नाही. व्हॅसलीन चांगलं, स्वस्त, सुवास नाही. रॅश बरा झाल्यापासून आम्ही रोज तेच लावतो. नुसतं "बेबी" लिहिलेल्या क्रीममध्ये झिंक किती आहे ते आधी शोधा, कितीतरी डब्यांवर आकडाच नसतो. क्रीममध्ये पाणी, सुवास आणि टिकवायची द्रव्यं असतात, सोललेल्या जागी ती झोंबू शकतात. पावडर तर नकोच. ओल लागली की तिच्या गोळ्या घडीत साचतात आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते. जॉन्सन अँड जॉन्सननेही २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली. आणि बोरिक पावडर, जी जुन्या घरांत अजून कपाटात सापडते, ती बाळाच्या सोललेल्या कातडीला कधीच लावू नका. ती अंगात शोषली जाते आणि तान्ह्या बाळांना तिची विषबाधा होते. कापूर घातलेली मलमंही लांब ठेवा.

जांभळ्या ट्यूबला आपल्याकडचा पर्याय आहे का? आहे, आणि तो जुना आहे. कंपाउंड झिंक पेस्ट: २५ टक्के झिंक ऑक्साइड, २५ टक्के स्टार्च, ५० टक्के पांढरं पॅराफिन. स्टार्च ओल टिपतो, पॅराफिन पाणी अडवतं. काही त्वचारोगतज्ज्ञ ती बनवून देतात. मात्र घेताना विचारा की तिच्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड नाही ना. लासार पेस्ट म्हणून मिळते तिच्यात दोन टक्के असतं, ते जाड, खडबडीत कातडीसाठी असतं, बाळाच्या सोललेल्या ढुंगणासाठी नाही. ऑनलाइन झिंकचा आकडा छापलेल्या देशी ट्यूबही मिळतात. २० टक्क्यांच्या वरची, सुवास नसलेली, पेस्ट किंवा ऑइंटमेंट असं लिहिलेली घ्या.

जांभळ्या ट्यूबच्या अडचणीही आहेत. आपल्याकडे ती बाहेरून येते, त्यामुळे महाग पडते आणि लागेल तेव्हा गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. लावणाऱ्याच्या नखात बसते, चादरीला लागली तर साध्या धुण्यात जात नाही, आधी भांड्याचा लिक्विड साबण चोळावा लागतो. हातसुद्धा आधी तेलाने पुसायचे, मग साबणाने धुवायचे.

आणि कुठलीही ट्यूब हातात असली तरी काही वेळा थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं: ताप आहे, पाणी किंवा पू भरलेले फोड आहेत, रक्त येतंय, बाळ महिना-दीड महिन्याचंच आहे, किंवा दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही काही फरक नाही. अजून एक, जे फार जणांना माहीत नसतं: ढुंगणाबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांच्या बोटांवरही तसेच चट्टे असतील आणि जुलाब थांबत नसतील, तर शरीरातच झिंक कमी असू शकतं. त्याला बाहेरून कितीही पेस्ट लावा, उपयोग नाही, तपासणीच करावी लागते.

तोंड उघडल्यावर ट्यूबवर तारीख लिहा, बाळाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका, आणि दोन बाळांना एक ट्यूब वापरायची असेल तर पेस्ट आधी स्वच्छ वाटीत काढून घ्या, बोट परत ट्यूबच्या तोंडाला लावू नका. आमची ट्यूब अजून अर्धी आहे. ती संपली की मी २५ टक्क्यांची देशी पेस्ट मागवणार आहे. ती कशी निघते तेही लिहीन.